दहापैकी किती?

काही वर्षांपूर्वी नागपुरात एका समुपदेशक बाईंनी मला चार पानांचा एक फॉर्म भरायला दिला. माझ्या मुलीची तपासणी झाली होती, तिला ऑटिझम आहे हे ठरलं होतं, आणि तिच्याबद्दलच्या प्रश्नांना उत्तरं देता देता मी इतक्या वेळा ‘मीपण अशीच होते’ म्हणाले की बाई म्हणाल्या, आता तुम्हीही बसा. फॉर्म दुसऱ्याच्या भावना किती कळतात ते मोजण्याचा होता. पहिलंच वाक्य होतं, ‘समोरचा माणूस दुःखी असला की मला लगेच कळतं.’ मी विचारलं, समोरचा कोण? त्यानं मला सांगितलंय की नाही? बाई म्हणाल्या, जे पटकन मनात येईल त्यावर खूण करा. मी खुणा केल्या. गुण फारच कमी पडले.

गुण पाहून बाईंनी कागद बाजूला सारला. म्हणाल्या, दुसऱ्याच्या मनात काय चाललंय ते न सांगता ओळखणं ही एक गोष्ट आहे, आणि ते कळल्यावर आपल्याला काय होतं ही दुसरी. हा फॉर्म दोन्ही एकाच पिशवीत घालतो. मी म्हटलं, मॅडम, ही दुसरी गोष्ट माझ्यात कमी नाही, नको तितकी आहे. मराठीत ऑटिझमला स्वमग्नता म्हणतात. तो शब्द मला कधी पटला नाही. स्वतःत मग्न व्हायला मला निवांतपणा मिळाला कधी? बाई म्हणाल्या, मग मला सांगा. तेव्हा मी त्यांना भिलाईतली हकीकत सांगितली.

आमचं घर मूळचं भंडाऱ्याकडचं. बाबा भिलाईच्या पोलाद कारखान्यात, हजेरीच्या टाइम ऑफिसात क्लार्क होते. आम्ही टाउनशिपच्या क्वार्टरात राहायचो, पुढे लहानसं अंगण, मागे पेरूचं झाड आणि भिंतीला भिंत लावून शेजारच्या काकू. त्याही आपल्याकडच्याच, गोंदियाच्या. शाळेत मी हिंदी बोलायची, घरी मराठी, आणि दोन्हीकडे लोक म्हणायचे की पोरगी हुशार आहे पण जरा तिरसट आहे.

मी सहावीत होते त्या उन्हाळ्यात तार आली. आईनं त्या दिवशी कुरडयांचा घाट घातला होता. तीन दिवस भिजवलेल्या गव्हाचा चीक सकाळीच शिजवून झाला होता, अंगणात खाटेवर पांढरं धोतर अंथरलं होतं आणि आई सोऱ्या दाबून पहिली ओळ घालत होती. मला तिनं बजावून ठेवलं होतं, ‘चीक थंडा झाला का मग तो निघत नाही सोऱ्यातून. तीन दिवसाची मेहनत पाण्यात. म्हणून आता मले कोणी हाक मारायची नाही.’

तारवाला आला तेव्हा बाबा ड्यूटीवर होते. आईला इंग्रजी येत नव्हतं. मी सही करून तार उघडली. ‘मदर एक्स्पायर्ड, कम सून.’ खाली मामाचं नाव. मदर आणि कम सून मला येत होतं, मधला शब्द येत नव्हता. मी आत गेले, बाबांचा शब्दकोश काढला, शब्द शोधला आणि अंगणात येऊन आईला सांगितलं, ‘आई, मामाची तार आहे. आजीची मुदत संपली, किंवा मग ती मरण पावली. त्या शब्दाचे दोन अर्थ आहेत.’

आईनं सोऱ्या खाली ठेवला. मग तिनं जो हंबरडा फोडला तो माझ्या कानात शिरला नाही, सरळ गुडघ्यांत शिरला. गुडघे, मग दात, मग डोक्याची मागची बाजू. कोणीतरी आतून पाना घेऊन आवळत होतं. मी न्हाणीघरात पळाले आणि पाण्याच्या ड्रमाला पाठ लावून, कान दाबून बसले. बाहेर बायका जमल्या. कोणी आईला धरलं, कोणी पाणी आणलं, कोणी बाबांना बोलवायला पोरं पाठवली. मी मात्र तिथंच बसून होते.

हुंदके जरा खाली आले तेव्हा मी बाहेर आले. आई आत बायकांच्या घोळक्यात होती. अंगणात कोणी नव्हतं. पातेल्यातला चीक अजून कोमट होता. मला एकच गोष्ट स्पष्ट दिसली, की आईची आई गेली आहे आणि वर आता तिची तीन दिवसांची मेहनतही जाणार आहे. पहिल्या गोष्टीचं मला काही करता येत नव्हतं. मी हात धुतले, सोऱ्या भरला आणि कुरडया घालायला लागले. माझ्या हातात तेवढा जोर नव्हता. पोटाशी धरून दाबावं लागत होतं.

शेजारच्या काकू बाहेर आल्या आणि दारातच थबकल्या. ‘अव माय! काय दगडाची पोरगी आहे वो ही! आजी मेली अन् ही कुरडया घालून राहिली!’

आईनं आतून ते ऐकलं. ती मला काही बोलली नाही, तेव्हाही आणि नंतरही. पण घरात ते वाक्य राहिलं. मला चारपाच दिवस अन्न गेलं नाही, ताप आला. काकूंनी ऊन लागलं म्हणून कैरीचं पन्हं पाजलं, खूप मायेनं पाजलं. ताप आणि आजी यांचा संबंध कोणीच जोडला नाही. खरं सांगायचं तर मीसुद्धा जोडला नाही. सगळे म्हणतात म्हणजे असेलच, मला काही वाटत नसेल, असं मी धरून चालले.

पुढच्या वर्षांत मी चेहरे शिकायचा प्रयत्न केला. आईला विचारायची, ‘तू रागावली काय?’ ती म्हणायची, ‘नाही.’ मी ‘बरं’ म्हणून खेळायला जायची, आणि संध्याकाळी कळायचं की ती दिवसभर रागावलेलीच होती. बाबांशी मला सोपं जायचं. ते भूक लागली की भूक लागली म्हणायचे, झोप आली की झोप आली म्हणायचे. आमचं दोघांचं बोलणं फार नव्हतं, पण त्यात चूक व्हायला जागाही नव्हती.

नव्वदच्या आसपास माझं लग्न झालं. मुलगा तिथलाच, कारखान्यात रोलिंग मिलला, भट्टीतलं लाल लोखंड लाटतात तिथे होता. टाउनशिपबाहेर कोहक्याला त्यांचं स्वतःचं दोन खोल्यांचं घर. सासूबाई गावी शेतीवर असायच्या, त्यामुळे घरात आम्ही दोघंच. माणूस बोलका, हसरा, शेजाऱ्यापाजाऱ्यांत लोकप्रिय. मला वाटलं, हा बोलतो म्हणजे आपलं निभेल.

लग्नाला तीनचार महिने झाले असतील. एक दिवस ते दुपारी ड्यूटीवरून आले, हातपाय धुतले, पाटावर बसले. मी वाढलं आणि स्वयंपाकघरात फळी कुठे ठोकावी याबद्दल बोलत राहिले. मला त्या फळीत फार रस होता. बराच वेळ बोलल्यावर पाहिलं तर ताट तसंच.

‘जेवत कावून नाही?’

‘तुले खरंच दिसत नाही काय, मले काय होऊन राहिलं ते?’ ते ओरडले नाहीत. पण आवाज वेगळा होता, एवढं मला कळलं.

‘नाही दिसत,’ मी म्हटलं. ‘तुम्ही सांगा ना.’

त्यांच्या जोडीदाराला, ज्याच्यासोबत ते रोज ड्यूटीला जायचे त्याला, सकाळी सुपेल्याच्या चौकात ट्रकनं उडवलं होतं. पाय मोडला होता, जीव वाचला होता. हे सांगताना ते रडले. आणि माझे गुडघे आवळायला लागले, तसेच, त्याच क्रमानं, गुडघे, दात, डोकं. मी उठून मागच्या दारी जाऊन उभी राहिले. परत आले तेव्हा ते ताट झाकून बसले होते. चेहऱ्यावर काय होतं मला ठाऊक नाही.

दुसरा कोणी असता तर बायकोला माहेरी सोडून आला असता. ते मात्र तिसऱ्या दिवशी चहा पिताना म्हणाले, ‘हे पाह्य, भट्टीत डोळे घालून कोणाले गरमी समजत नाही. त्यासाठी काटा लावून ठेवला असते. तुले माझं तोंड वाचता येत नाही, ठीक आहे. मी तुले काटा सांगत जातो. शून्य ते दहा. चालंल?’

चालेल म्हणजे काय! माझ्याशी आयुष्यात इतकं सरळ कोणी बोललं नव्हतं.

मग आमचं ते सुरू झालं. ते घरात शिरले की मी विचारायची, ‘आज किती?’ ते सांगायचे, दोन, चार, सहा. काय आल्यावर काय करायचं ते आम्ही हळूहळू ठरवलं. तीनपर्यंत नुसता चहा. पाचाला आंघोळ होईपर्यंत बोलायचं नाही. सातच्या वर गेलं की मी शेजारी बसायचं, फळीबद्दल बोलायचं नाही, कशाबद्दलच बोलायचं नाही. शेजारची बाई एकदा विचारून गेली की तुमचे मिस्टर आल्या आल्या रोज कसला स्कोअर सांगतात, क्रिकेट तर चालू नाही.

महिनाभरानं त्यांच्याच लक्षात आलं. ‘मी रोज सांगून राहिलो. तुझं किती असते?’

मला कोणी विचारलंच नव्हतं, म्हणून मी मोजलंही नव्हतं. मग मोजायला लागले. ते चार म्हणाले की माझं पाच व्हायचं. ते सात म्हणाले की माझं नऊ. ते सांगेपर्यंत माझं शून्य असायचं, सांगितलं की एकदम उडी. त्यांना हे फार नवल वाटलं. ‘म्हणजे मी रडलो तवा तू मागच्या दारी गेली, ते कंटाळून नाही?’

‘कंटाळून कशाला? उभं राहवत नव्हतं.’

तेव्हा मी त्यांना तार आणि कुरडया सांगितल्या. ते ऐकत राहिले. काकूंचं वाक्य सांगितलं तरी हसले नाहीत. शेवटी विचारलं, ‘त्या दिवशी तुझं किती होतं?’

मी विचार केला. खोटं सांगायचं नव्हतं.

‘दहा,’ मी म्हटलं, आणि इतक्या वर्षांनी, कोहक्याच्या त्या घरात, भरदुपारी मी आजीसाठी रडले.

त्या दिवाळीत माहेरी गेलो तेव्हा ह्यांनी ते सगळं माझ्या आईला सांगितलं. मी चकल्या तळत होते. आई स्वयंपाकघरात आली आणि माझ्याजवळ उभी राहिली.

‘मले कावून नाही सांगितलं?’

‘तू विचारलं नाही.’

 तिनं माझ्या हातातला झारा घेतला आणि पुढच्या चकल्या स्वतः तळल्या. मी तिला ‘किती’ विचारणार होते, पण त्या दिवशी राहू दिलं.

पुढे दोनेक वर्षांनी आईच्या गर्भपिशवीचं ऑपरेशन ठरलं. तिला आदल्या दिवशी कारखान्याच्या हॉस्पिटलात भरती केलं. दुपारपासून भेटायला माणसं येत होती. सगळ्यांचं एकच म्हणणं, ‘काही होत नाही, सोपं असते, देवाचं नाव घ्या.’ काकू तर आईचा हात धरून रडल्या. आई सगळ्यांना म्हणत होती, ‘मी ठीक आहे.’ मी खिडकीजवळ उभी होते आणि तिच्या चेहऱ्यावरून मला ती ठीकच वाटत होती.

सगळे गेल्यावर मी विचारलं, ‘आई, किती?’

‘काय किती?’

‘भीती. दहापैकी.’

 ती हळूच म्हणाली, ‘नऊ.’

माझे गुडघे आवळले, पण आता मला ते ओळखीचं होतं. मी भिंतीला पाठ टेकवली आणि विचारलं, ‘नेमकं कशाचं भेव वाटते?’

‘काय करतात तेच माहीत नाही ना. सगळे म्हणतात काही होत नाही. अव, पोट कापतात, काही होत कसं नाही?’

हे मला करता येण्यासारखं होतं. मी सिस्टरकडे गेले. वही काढून एकेक विचारलं. तिनं आधी माझ्याकडे जरा विचित्र पाहिलं, मग खुर्ची ओढून बसली आणि नीट सांगितलं. मी परत येऊन आईला क्रमानं सांगितलं. सकाळी पहिलं काय, चाकाचा पलंग कोण ढकलेल, आत थंडी वाजेल, सुई कुठे, त्यानंतर आकडे मोजायला सांगतील. जाग येईल तेव्हा तहान फार लागेल, पण पाणी देणार नाहीत, ओल्या कापसानं ओठ पुसतील. दुखेल कधी, किती दिवस, टाके कधी काढतील. दुखणार नाही असं मी कुठेच म्हटलं नाही. आई मध्येमध्ये विचारत होती. एक गोष्ट मला माहीत नव्हती, तर मी पुन्हा सिस्टरकडे जाऊन आले.

‘आता किती?’

‘पाच असंल,’ आई म्हणाली. ‘साडेपाच.’ आणि तिनं सकाळपासून न खाल्लेलं बिस्कीट मागितलं. सिस्टरला विचारलं, तेव्हा चालतं म्हणाली.

बाजूच्या पलंगावर एक म्हातारी बाई होती, दुर्गजवळच्या खेड्यातली. आमचं मराठी तिला किती कळलं कोण जाणे, पण ती कोपरावर टेकून सगळं ऐकत होती. तिचंही ऑपरेशन होतं. ती छत्तीसगढीत म्हणाली, ‘नोनी, मोला घलो बता न, मोर का करहीं?’ पोरी, मलाही सांग ना, माझं काय करतील, असं ती विचारत होती.

मी वही घेऊन तिच्याकडे गेले आणि हिंदीतून पहिल्यापासून सुरू केलं. तिला सुईची नाही, परतल्यावर भात कधी मिळेल याचीच काळजी होती. तेही सिस्टरला विचारून सांगितलं. मग पलीकडच्या पलंगावरचीनं बोलावलं. तिला सांगत होते तेवढ्यात सिस्टर आली आणि म्हणाली, भेटायची वेळ केव्हाच संपली, आता निघा.

खाली हे स्कूटरवर वाट पाहत होते. मला सडकून भूक लागली होती. तसं मी सांगितलं, आणि आम्ही वाटेत समोसे घेऊन घरी गेलो.