ताकदीचं औषध मागायला आलेला ड्रायव्हर

"याला ताकदीचं काहीतरी लिहून द्या, डॉक्टरसाहेब," भाऊसाहेब म्हणाले. ज्याला ताकद हवी होती तो सत्तावीस वर्षांचा संपत शेजारच्या खुर्चीत बसून माझ्या टेबलावरच्या पेपरवेटचं निरीक्षण करत होता.

मी फिजिशियन, म्हणजे कापाकापी न करणारा डॉक्टर. गंगापूर रोडवर माझं क्लिनिक होतं. ही गोष्ट दोन हजार सालानंतरच्या एक-दोन वर्षांतली. भाऊसाहेब माझे ब्लडप्रेशरचे जुने पेशंट. सिन्नर-नाशिक रस्त्यावर त्यांच्या तीन काळ्या-पिवळ्या प्रवासी जीप चालत आणि त्यातली एक संपत चालवायचा. आमच्याकडे ही तक्रार घेऊन पुरुष सहसा एकटा येत नाही. बरोबर मित्र, चुलता नाहीतर मालक असतो, आणि बोलण्याचं काम तोच करतो. पेशंटने फक्त हजर राहायचं असतं.

"कसली ताकद?" मी विचारलं.

"आता तुम्हाला काय सांगायचं. लग्नाला तीन वर्षं झाली, घरात पाळणा नाय. म्हणतो, जमत नाय."

"कधीपासून?" हा प्रश्न मी संपतला विचारला होता.

"झालं असंल वरीस-दीड वरीस," भाऊसाहेबांनी सांगितलं. "एका लॉजवर बसणाऱ्या वैद्याच्या पुड्याबी खाल्ल्या. अन् कामात ध्यान नाय. गाडी दोन्ही अंगांनी घासून आणली. डावा आरसा दोनदा गेला, उजवा एकदा. नुसता समोर बघतो, घोड्याला झापडं लावल्यागत."

मी हसलो. हसण्यासारखं ते वाक्य नव्हतं, हे कळायला मला दोन महिने लागले.

"संपत, कसलं टेन्शन आहे का?"

"हाय थोडं," तो म्हणाला. मालक शेजारी असताना त्याला दुसरं काय म्हणता आलं असतं?

तरुण माणसाची ही तक्रार बहुधा मनाची असते, असं आम्हाला शिकवलं होतं. पुष्कळदा ते खरंही असतं. नवं लग्न, दोन खोल्यांत सात माणसं, एकदा फसलं की पुढच्या वेळची धास्ती. मी ब्लडप्रेशर बघितलं, साखर तपासून घेतली. दोन्ही ठीक होतं. मग बी-कॉम्प्लेक्स लिहून दिलं आणि काळजी करू नका असं सांगितलं. काळजी करणाऱ्या कुणालाही आजवर हा सल्ला पाळता आलेला नाही. कार्डावर मी 'मानसिक' असं लिहिलं आणि पुढच्या पेशंटला बोलावलं.

मधल्या काळात शहरातल्या एका मोठ्या हॉटेलात याच तक्रारीवरच्या नव्या गोळीचा सोहळा झाला. आम्हा डॉक्टरांना निमंत्रण होतं. व्यासपीठावर सात माणसं, त्यातल्या सहा जणांचा विषयाशी संबंध नव्हता. शाली झाल्या, श्रीफळं झाली. समईची वात एसीच्या झोतात तीनदा विझली, पण कुणी हसलं नाही. सगळे फार गंभीर होते. मुख्य वक्त्यांनी चाळीस मिनिटांत स्लाइडवर पुष्कळ आलेख दाखवले. या त्रासाचं कारण शोधावं, असं सांगणारी स्लाइड घाईत आली आणि गेली, कारण जेवण तयार होतं. निघताना कंपनीच्या प्रतिनिधीने माझ्या हातात सॅम्पलची पाकिटं ठेवली. ती मी क्लिनिकच्या ड्रॉवरमध्ये टाकली.

त्यानंतर आठवड्याभरात, एका सोमवारी सकाळी, संपत पुन्हा आला. या वेळी भाऊसाहेब नव्हते. त्याची बायको अलका होती, आणि तिने त्याला आणलं होतं. तो आपणहून आला नव्हता, हे दोघांच्या चालण्यावरूनच दिसत होतं.

"साहेब, ती नवी गोळी आलीय म्हणं," संपत म्हणाला. "ती द्या. रविवारच्या आत गुण आला पाहिजे."

"रविवारी काय आहे?"

उत्तर अलकाने दिलं, "रविवारी बैठक हाय. भावकी बसणार. मला मूल होत नाय म्हणून काडीमोड करायचा म्हणत्यात."

काडीमोड म्हणजे चार माणसांसमोर लग्न मोडणं. कोर्ट लागत नाही, वकील लागत नाही. बाईला तिच्या पिशवीसकट माहेरी पोचवतात.

"माझ्या चार तपासण्या झाल्या," ती पुढे म्हणाली. "सोनोग्राफी झाली, नळ्या तपासल्या. बाई डॉक्टर म्हणाल्या, तुझ्यात काही नाय, नवऱ्याला आण. घरी सांगितलं तर सासू म्हणती, बाया बायांचं झाकत्यात. ह्यांची एक तपासणी झाली नाय. अन् हे घरात तोंड उघडत नाय."

संपत पुन्हा पेपरवेटकडे बघू लागला. मी ड्रॉवर उघडला. खरं सांगतो, ते पाकीट माझ्या हातात आलं होतं. तरुण माणूस, घरी तातडी, औषध नवं आणि समोर. मला फार विचार करावा लागत नव्हता, आणि तेच चुकत होतं.

"गोळी नंतर द्या," अलका म्हणाली. "आधी ह्यांना झालंय काय ते सांगा."

मुख्य वक्त्यांनी जेवणापायी गुंडाळलेली स्लाइड ती हीच. मी ड्रॉवर बंद केला.

"यांना बाहेर बसवू का?" मी संपतला विचारलं.

"राहू द्या. हिला सगळं ठावं हाय."

"पहिल्यापासून जमत नव्हतं?"

"नाय. पहिलं दीड वरीस कायबी अडचण नव्हती. मग हळूहळू कमी झालं."

"सकाळी जाग येताना ताठरता असते?"

हा प्रश्न मी पहिल्याच दिवशी विचारायला हवा होता. निरोगी पुरुषाला झोपेत आणि पहाटे ताठरता आपोआप येते. मनाचा धसका असेल तर ती सहसा टिकून असते, कारण झोपलेल्या माणसाला धसका नसतो. तीही गेली असेल तर कारण शरीरात शोधावं लागतं.

"वर्षभर नाय," संपत म्हणाला.

"इच्छा?"

त्याने बायकोकडे बघितलं. "तीबी गेली. मला वाटलं, वय झालं."

"सत्ताविसाव्या वर्षी?"

"ड्रायव्हरकीत लवकर होतं म्हणत्यात."

"कोण म्हणतं?"

"दुसरे ड्रायव्हर."

दाढी कमी वाढते, आठवड्यातून एकदा केली तरी चालते, असं त्याने सांगितलं. त्याला ती सोय वाटत होती. डोकं रोज दुखायचं, पण ते उन्हाने. मग अलकाने सहज म्हणावं तसं सांगितलं, "जेवताना बाजूचा तांब्या रोज लवंडत्यात. दाराच्या चौकटीला खांदा लागतो. मी म्हणते, डोळे कुठं हायेत तुमचे."

त्या वाक्याला मी पेन खाली ठेवलं. घोड्याची झापडं मला तेव्हा आठवली.

मी खुर्ची ओढून संपतच्या समोर बसलो. "माझ्या नाकाकडे बघा. नजर हलवायची नाही. माझी बोटं दिसली की सांगा." मी दोन्ही हात पसरले आणि बोटं हलवत बाहेरून हळूहळू आत आणू लागलो. ज्याची नजर चांगली आहे तो लगेच 'दिसली' म्हणतो. बोटं संपतच्या कानांवरून पुढे आली. तो गप्प. आणखी पुढे आली. तो माझ्या नाकाकडे अगदी प्रामाणिकपणे बघत होता.

"दिसत नाय?" अलकाने हळूच विचारलं.

"काय?" संपत म्हणाला.

मेंदूच्या तळाशी, दोन्ही डोळ्यांच्या मागे, पिट्यूटरी नावाची वाटाण्याएवढी ग्रंथी असते. शरीरातल्या बऱ्याच हार्मोन्सचा कारभार ती बघते, पुरुषाची इच्छा आणि ताठरता टिकवणाऱ्या हार्मोनचाही. डोळ्यांच्या नसा तिच्या अगदी डोक्यावरून जातात. ग्रंथीत गाठ वाढली की हार्मोन्स बिघडतात आणि वरच्या नसा दाबल्या जातात. मग दोन्ही बाजूंचं दिसणं कमी होतं आणि फक्त समोरचं शिल्लक राहतं. हे इतकं हळू होतं की माणसाला पत्ता लागत नाही. दाब तसाच राहिला तर समोरचंही जातं.

"इथं कसे आलात?" मी विचारलं.

"गाडी घेऊन. मागं नऊ सीटं बसली होती."

मी किल्ली मागितली. तो म्हणाला, गाडी मालकाची आहे, इथे सोडून जाता येणार नाही. मी भाऊसाहेबांना फोन केला. ते दुसऱ्या जीपने तासाभरात आले, आणि संपतने होकार दिल्यावर मी त्यांना थोडक्यात सांगितलं.

"डोळ्याचा अन् त्याचा काय संबंध, डॉक्टरसाहेब? डोळा वर, ते खाली."

"दोन्हीची वायरिंग एका ठिकाणाहून जाते."

वाहनमालकाला वायरिंग कळते. ते खाली बसले. "म्हणजे मी सीटं घेऊन आंधळा पाठवत व्हतो?"

"अर्धा," मी म्हणालो. "आणि तुम्ही मला सांगितलं होतं. मीच ऐकलं नाही."

त्याच दिवशी माझ्या नेत्रतज्ज्ञ मित्राने नजरेचा नकाशा काढला. दोन्ही बाहेरच्या बाजू काळ्या आल्या. दुसऱ्या दिवशी स्कॅन झाला, त्यात बोराएवढी गाठ दिसली. रक्ताचा नमुना मुंबईला पाठवला. शुक्रवारी रिपोर्ट आला: प्रोलॅक्टिन नावाचा हार्मोन कित्येक पटींनी वाढलेला. बाळंतिणीला दूध येतं ते या हार्मोनमुळे. पुरुषात तो वाढला की इच्छा, ताठरता आणि मूल होण्याची क्षमता, तिन्ही मावळतात. चांगली बातमी अशी की ही गाठ कॅन्सरची नसते, आणि या जातीची गाठ बहुधा साध्या गोळ्यांनी आक्रसते. नजर सुधारली नाही तरच ऑपरेशन. न्यूरोसर्जनला मी कल्पना देऊन ठेवली आणि शुक्रवारीच दोघांना बोलावून गोळ्या सुरू केल्या.

राहिला रविवार.

"मी चिठ्ठी लिहून देतो," मी म्हणालो. "आजार तुम्हाला आहे, उपचार सुरू आहेत, पत्नीत दोष नाही. पण संपत, तुमची परवानगी असेल तरच."

"लिहा," तो पुटपुटला.

"कागद नको," अलका म्हणाली. "सासूला वाचता येत नाय. ज्यांना येतं ते चष्मा इसरून येत्यात. ह्यांनी तोंडानं सांगावं."

"भावकीसमोर? हे?" संपतने विचारलं.

"माझं सगळं भावकीसमोरच चाललं होतं की."

यावर माझ्याकडे औषध नव्हतं. संपतने टेबलावरची स्कॅनची फिल्म उचलून पिशवीत घातली.

बैठकीत काय झालं ते मला सोमवारी भाऊसाहेबांनी सांगितलं. ते तिथे होते. अशा ठिकाणी ते असतातच. थोरल्या चुलत्याने सुनेच्या दोषाने सुरुवात केली, तेव्हा संपत उभा राहिला. दोष तिच्यात नाय, माझ्या डोक्यात हाय, म्हणाला, अन् स्कॅनची फिल्म काढून चुलत्याच्या हातात दिली. चुलत्याने ती उजेडाकडे धरली, शेजाऱ्याला दिली. फिल्म अर्धा तास हातोहात फिरली. प्रत्येकाने मत दिलं, दोघांना गाठ दिसली, दोन्ही चुकीच्या जागी. वरची बाजू कोणती यावर थोडा वाद झाला. काडीमोडाचा विषय त्यात जो मागे पडला तो परत निघाला नाही. शेवटी सासूने सुनेला एवढंच विचारलं, "मग तू आधी का बोलली नाय?" अलका म्हणाली, "बोलले होते." आणि चहा ठेवायला आत गेली.

गोळ्यांनी संपतला सुरुवातीला मळमळलं, मग सवय झाली. तीन आठवड्यांत बाजूचं दिसू लागलं. चार महिने त्याने गाडी चालवली नाही. स्टँडवर उभा राहून सीटं भरत होता आणि दुसऱ्या ड्रायव्हरांना चुका दाखवत होता. सहा महिन्यांनी इच्छा परतली, मागोमाग बाकीचंही. हे त्याने स्वतः सांगितलं, एकट्याने येऊन आणि माझ्याकडे बघून. पुढच्या वर्षाअखेरीस त्यांना मुलगी झाली.

संपतसारखी गाठ फार थोड्यांना असते. पण म्हणून इतरांनी घरी बसावं असं नाही. थकव्याने, दारूने, भांडणाने एखाद्या वेळी जमलं नाही तर ते विसरून जावं. तेच दोन-तीन महिने चालू राहिलं, किंवा हळूहळू वाढत गेलं, तर डॉक्टरकडे जावं. सकाळची ताठरता गेली, इच्छाच गेली, डोकं दुखतं, दिसणं बदललं, फार तहान लागते, पाय बधिर होतात, नाहीतर एखादी गोळी सुरू झाल्यापासून हे झालं, तर तेवढंही थांबू नये. मधुमेह आणि रक्तवाहिन्यांचे आजार कधीकधी पहिली वर्दी इथेच देतात. आणि कारण मनाचंच निघालं, तरी त्यावरही उपचार आहेत. डॉक्टरकडे जाताना जमल्यास बायकोला न्यावं. मालकाला गाडीजवळ थांबवावं.

हे झालं पेशंटसाठी. डॉक्टरांसाठी एवढंच, की या तक्रारीच्या तरुणाला धीर देण्याआधी तपासावं. धीर नंतरही देता येतो.