खलियावाले आणि भाकरीवाले

बाजी आधी तुमच्या डब्याकडं बघायची, मग तुमच्याकडं. झाकण उघडायच्या आत तिला वास लागायचा. "क्या भाई, आज पण बटाटाच? पोटातल्यांचा काही विचार करतो का नाय?"

पोटातले म्हणजे जंतू. बाजीचं सगळं संशोधन त्यांच्यावर होतं, आणि तेही माणसाच्या नव्हे, माशांच्या पोटातल्यांवर. आमच्या कॉलेजच्या प्रयोगशाळेत ती झेब्राफिश पाळायची. करंगळीच्या पेराहून थोडे मोठे, अंगावर निळ्या रेघा असलेले मासे. मी त्याच खोलीत गोगलगायींवर पीएच.डी. करत होतो, त्यांच्याच वेगानं. बाजी माझ्याहून थोडी मोठी, गावातल्याच शहागंज मोहल्ल्यातली. शिपायापासून सरांपर्यंत सगळा विभाग तिला बाजीच, म्हणजे थोरली बहीण, म्हणायचा.

तिच्याकडं दोन टाक्या होत्या. एकीतल्या माशांना चरबीचं, तेलकट खाणं. दुसरीतल्यांना ज्वारीचं पीठ आणि मेथीदाणा घातलेलं. कागदावर ते अ गट आणि ब गट होते. बाजीच्या तोंडी मात्र खलियावाले आणि भाकरीवाले.

"पोटात एक अख्खा मोहल्ला असतो, भाई," ती समजवायची. "रोज नान-खलिया वाढला तर काही घरं उठून जातात, दुसरीच येऊन राहतात. भाकरी दिली की जुने टिकतात. कोण गेलं, कोण आलं, एवढंच मला बघायचंय."

आता ही बाई स्वतः काय खात असेल, असं तुम्हाला वाटेल. मटणाचा तो तेलकट, झणझणीत खलिया समोर आला की बाजी दुसरं काही बघायची नाही. वाटी पुसूनपुसून खायची आणि वर म्हणायची, "मी कुठं प्रयोगात आहे?"

माशांना ती फार जीव लावत असेल असंही समजू नका. पोटातले जंतू बघायचे तर मासा मारावा लागतो. नमुने घ्यायच्या दिवशी बाजी बाह्या सारून बसायची, भुलीच्या पाण्यात मासे सोडायची आणि मुकाट्यानं काम उरकायची. "कामासाठीच आहेत ते," एवढंच बोलायची. मला गोगलगाय कापतानाही कसंतरी व्हायचं, त्यावरून मला लई छळायची.

शेवटचे नमुने मे महिन्यात घ्यायचे होते. ते झाले की प्रबंध. मुदतवाढ आधीच एकदा मिळाली होती, दुसरी मिळायची नव्हती. घरचे लग्नाचं बोलायचे, त्यांनाही तिनं प्रबंधापर्यंत थोपवून धरलं होतं.

नमुन्यांना आठवडा उरला असताना भर दुपारी वीज गेली. जनरेटर चालू होईना. टाक्यांत हवा सोडणारे पंप बंद, पाणी तापत चाललेलं, आणि नळाला पाणी यायचा दिवस अजून लांब. मासे वर येऊन तोंडं उघडायला लागले. बॅटरीवरचा पंप एकच होता. आळीपाळीनं लावून पाहिला, दोन्हीकडं कमी पडला.

बाजीनं सरांना फोन लावला. सर म्हणाले, "भाकरीवाले वाचव, खलियावाले जाऊ दे. आधीच्या नमुन्यांवर निभावून नेऊ. प्रबंध होईल."

फोन ठेवून ती दोन्ही टाक्यांकडं बघत राहिली. मग मोठा टब ओढला, त्यात पंप सोडला आणि मला बर्फ आणायला पिटाळलं. मी परत आलो तेव्हा भाकरीवाले टबात गेले होते आणि तिनं जाळी खलियावाल्यांच्या टाकीत घातली होती.

"बाजी, काय करतेस? एका पाण्यात राहिले की एकमेकांचे जंतू घेतील. मग कोणाच्या खाण्यानं काय झालं, काही कळणार नाही."

"मला शिकवतो का?"

"अगं, तसेही ते आठवड्यानं मरणारच आहेत."

"कामासाठी मारणं वेगळं, भाई. हे फुकट चाललेत." तिनं जाळी पुन्हा पाण्यात घातली. "बर्फ दे इकडं. पिशवीतच ठेव, सोडू नको."

संध्याकाळी वीज आली. मासे सगळे वाचले होते आणि सगळे सारखेच दिसत होते. कोण कुठला, ते बाजीलाही सांगता येईना.

प्रबंधाच्या समितीपुढं तिनं झालं ते जसंच्या तसं सांगितलं. समितीनं तिचं कौतुक केलं आणि मुदतवाढ नाकारली. मला तिचा भयंकर राग आला होता. एवढी वर्षं घालवून हातात काय, तर टबभर मासे. ती पैठणच्या एका शाळेत विज्ञान शिकवायला गेली, आणि मग मला त्या खोलीत बसवेना. डबासुद्धा मी बाहेर पायरीवर जाऊन खायचो.

मासे प्रयोगाला निकामी झाले होते, म्हणून त्यांना कोणी मारलं नाही. जाताना बाजी ते माझ्या गळ्यात घालून गेली. दोन्हीकडचं उरलेलं खाणं मी एकत्र करून टाकलं, ते त्यांनी आवडीनं खाल्लं. वर्ष गेलं, आणखी एक गेलं. रेघा फिक्या पडल्या, पाठीला बाक आला. प्रयोगशाळेत एवढं वय झालेला मासा मी तोवर पाहिला नव्हता.

परवा शेवटचा गेला. मी बाजीला फोन केला. मागं पोरांचा कालवा चालला होता.

"कशानं गेला?" तिनं विचारलं.

"कशानं नाही. म्हातारा झाला होता."

"म्हातारा झाला होता," ती म्हणाली. मग फोन जरा लांब धरून वर्गाला सांगताना ऐकू आली, "दोन मिनिटं गप बसा रे सगळे."