आत्याबाई आणि माझं नाव, पटाचारा

माझं बाळ माझ्या नावामुळं गेलं, असं माझी सासू चारचौघींत म्हणाली होती.

त्या सासूला, माझ्या आत्याबाईंना, जाऊन आज वर्ष झालं. रडून डोळे सुजलेत म्हणून लिहायला बसले.

माझं नाव पटाचारा. जुनं पाली नाव. वडिलांनी विहारात कधीतरी ऐकलं, आवडलं, ठेवलं. अर्थ घरात कुणालाच माहीत नव्हता. लातूरला क्लासमध्ये पोरं हसायची, मीही हसण्यावारी न्यायचे.

मग माझं बाळ पोटातच गेलं.

कुणीतरी गुगल करून आत्याबाईंना सांगितलं, त्या जुन्या पटाचाराचा नवरा, दोन्ही लेकरं, आईबाप, सगळेच गेले होते. झालं. नाव बदलायचं ठरलं.

मी अडून बसले. वडील नव्हते, त्यांनी दिलेलं तेवढंच उरलं होतं.

नवऱ्यानं तोड काढली. नांदेडला त्याचे पालीचे सर आहेत, ते म्हणतील तसं करू. आत्याबाई म्हणाल्या मीपण येते, तुम्ही मला खोटं सांगाल.

एसटीत त्या माझ्यापासून दोन सीट सोडून बसल्या.

सर म्हणाले, अर्थाबद्दल एकमत नाही, पण पट म्हणजे वस्त्र. सगळं गमावल्यावर ती वेडी होऊन भटकली, अंगावरच्या कापडाचं भान राहिलं नाही. लोक ढेकळं मारायचे. तशीच ती बुद्धांसमोर पोचली, तेव्हा गर्दीतल्या एकानं आपलं उपरणं तिच्याकडं टाकलं. पुढं ती मोठी भिक्खुणी झाली. लेकरं गेलेल्या बाया तिच्याकडं यायच्या.

आत्याबाई पुढं सरकून बसल्या. मग म्हणाल्या,

"कापड देणाऱ्याचं नाव काय, सर?"

"ते कुठं लिहिलेलं न्हाई, मावशी."

"आन् ढेकळं मारणाऱ्यांचं?"

"त्यांचंबी न्हाई."

बसस्टँडवर त्यांनी माझा हात धरला.

"पोरी, मी ढेकूळच मारलं की तुला. नाव ऱ्हाऊ दे तुझं."

मी लगेच विरघळले वगैरे नाही. चांगली महिनाभर फुगून होते. पण त्या दिवसापासून, आत्याबाई कामाला जायच्या त्या डाळ मिलमधल्या बायांपुढं माझ्या नावाला कुणी नाव ठेवलं, की त्या अशा काही बोलायच्या की समोरची परत तो विषय काढत नसे.

शेवटी दवाखान्यात नर्सनं त्यांना विचारलं, सोबत कोण आहे?

सून आहे, असं सगळ्याच सासवा सांगतात.

"पटाचारा," त्या म्हणाल्या. "माझी हाय."

आत्याबाई, तुमच्या पटाचाराचं तुम्हाला मनापासून वंदन.

जयभीम.