संबंधित मेंढी

चॅपलच्या सुगीच्या जेवणासाठी निम्मे बटाटे सोलून झाले होते, निम्मे बादलीत होते, तेवढ्यात एडगर नॅट्रस मागच्या दारानं आला आणि बूट न काढता खुर्चीत बसला. एडगरनं बूट काढले नाहीत म्हणजे बातमी मोठी आहे, एवढं चाळीस वर्षांच्या शेजारपणानं मला शिकवलंय.

"पत्र आलंय," तो म्हणाला. "बारावं."

"आता काय केलं तिनं?"

"काही नाही. तिला नोकरी लागलीय."

मी सुरी खाली ठेवली.

एडगर अठ्ठ्याहत्तर वर्षांचा आहे. वरच्या टोकाच्या घरात जन्मला, तिथेच आहे. दरी सोडून तो आयुष्यात दोनदा गेला, एकदा मावशीच्या मयताला आणि एकदा दाढ काढायला. दोन्ही वेळा दूध काढायच्या आत परत. लग्न केलं नाही. मुलगी बघायला गेलो तर मेंढ्या कोण बघणार, हे त्याचं कारण. आमचे हे म्हणतात, कारण चांगलं होतं, मेंढ्यांनीही कधी तक्रार केली नाही.

आमच्या वरच्या रानाला आत कुंपण नाही. अकरा घरांच्या मेंढ्या त्या एका मोकळ्या माथ्यावर चरायच्या, आणि तरी कुणाची मेंढी कुणाच्या हद्दीत जायची नाही. मेंढीला हद्द तिची आई दाखवते, आईला आजीनं दाखवलेली असते. एडगरच्या मेंढ्यांची वहिवाट ब्लॅक हॅगच्या दलदलीपासून दगडांच्या राशीपर्यंत. ती किती पिढ्यांची, कुणी मोजलेलं नाही. मेंढ्या बाजारात मिळतात, वहिवाट मिळत नाही. कळप खाली आणला आणि आठवण असलेली शेवटची मेंढी मेली, की संपलं.

आठ वर्षांपूर्वी रानाचं आणि पाखरांचं बघणाऱ्या कचेरीतून एक गृहस्थ आले. मेंढ्यांनी हीदरची झुडपं खाऊन माथा बोडका केलाय, म्हणाले. मेंढ्या काढा, हीदर येईल, मग कर्ल्यू पाखरं येतील, आणि घराघराला दरवर्षी भरपाई मिळेल. अट एवढीच, की सात वर्षं वर एकही मेंढी दिसता कामा नये आणि अकराच्या अकरा सह्या हव्यात. गृहस्थ खोटं बोलत नव्हते. माथा बोडका झाला होता, मी दरीच्या नोंदी ठेवते त्या वहीतही ते आहे.

दहा सह्या आठवड्यात झाल्या. एडगर महिनाभर अडून बसला. शेवटी स्टॅनली कोल्टर्ड, म्हणजे आमच्या रान-समितीचा अध्यक्ष, चॅपलच्या स्वयंपाकघरात सगळ्यांदेखत म्हणाला, "एडगर, तुझ्या चाळीस मेंढ्यांपायी दहा घरांच्या तोंडचा घास काढतोस काय रे?"

"माझ्या मेंढ्या तिथे त्यांच्या आज्यांपासून आहेत."

"मग आज्यांना पेन्शन देतायत, घे की गप!"

सगळे हसले. मीही हसले, हे इथे लिहायला हवं. एडगरनं माझ्या किराणाच्या यादीचं पेन मागून घेतलं आणि सही केली. एडका स्टॅनलीला दिला, चौतीस मेंढ्या विकल्या, सहा खालच्या कुरणात ठेवल्या. त्यातली एक, तीन वर्षांची, डाव्या कानाला दोन खाचा असलेली, तिसऱ्या दिवशी भिंतीवरून उडी मारून आपल्या जागी वर जाऊन उभी राहिली.

तिला खाली आणायला एडगरला अर्धा दिवस लागे आणि वर जायला तिला पाऊण तास. मग पत्रं सुरू झाली. "आपल्या मालकीचा संबंधित प्राणी प्रतिबंधित क्षेत्रात आढळला असून..." एडगर 'उतरवली' असं कळवायचा आणि प्रकरण पुढच्या पत्रापर्यंत मिटायचं. तो मेंढ्यांना नाव देत नाही, पण कचेरीनं दिलं ते दरीभर झालं. पोस्टमन विचारायचा, "संबंधित बरी आहे ना?"

पाहुण्या उपदेशकांनी एका रविवारी हरवलेल्या मेंढराचा दाखला घेतला. नव्व्याण्णव सोडून मेंढपाळ एकीच्या मागे गेला, म्हणाले, तेव्हा सबंध चॅपलनं माना वळवून एडगरकडे पाहिलं. बाहेर पडताना त्यानं उपदेशकांचा हात हातात घेतला. "प्रवचन छान झालं. पण आमची हरवलेली नाही हो. तिला पत्ता पाठ आहे. हरवतो तो मी, धुक्यात, तिला शोधताना."

चौथ्या वर्षी पाहणी ठरली. पत्रांवर भागत होतं, पण पाहणीत वर एक जरी मेंढी दिसली तरी अकराही घरांची भरपाई बंद होणार होती. आदल्या दिवशी एडगरनं तिला आणि तिच्या कोकराला उतरवलं (नोव्हेंबरात ती स्टॅनलीच्या एडक्याकडेही भिंत ओलांडून जायची), पण ठेवणार कुठे? त्याच्या भिंतींना ती मानत नव्हती. चॅपलच्या रविवारच्या शाळेची खोली भक्कम आहे आणि तिची किल्ली माझ्याकडे असते. दुसऱ्या दिवशी साहेब वर फिरून आले, समाधान पावले, आणि चहाला नेमके चॅपलमध्येच बसले. पलीकडून धडका सुरू झाल्या.

"काय वाजतंय?" साहेबांनी विचारलं.

"जुने पाइप," स्टॅनली म्हणाला. "थंडीत ओरडतात."

जून महिना होता. मला कुणी काही विचारलं नाही, म्हणून मी काही सांगितलं नाही. साहेबांचं तोंड रिकामं राहू नये म्हणून केकचा दुसरा तुकडा मात्र वाढला. नंतर सगळं प्रभूच्या कानावर घातलं. तोही मेंढपाळच. त्याला समजलं असावं.

गेल्या वसंतात सात वर्षं पुरी झाली. हीदर आलं, नाही असं नाही. पण इतर ठिकाणी गवत कमरेएवढं माजलं आणि कुजून त्याची गादी झाली. कर्ल्यूला आखूड गवत लागतं, पिल्लांना चालता आलं पाहिजे ना. पाखरं मोजणाऱ्यांना सगळ्या माथ्यावर कर्ल्यूची तीनच जोडपी मिळाली आणि तिन्ही ब्लॅक हॅगवर. "अज्ञात कारणामुळे या भागात गवत आखूड राहिले आहे," असं अहवालात होतं. स्टॅनलीनं तो चॅपलमध्ये मोठ्यानं वाचला आणि खोकला.

आता थोड्या मेंढ्या वर हव्यात, असं कचेरीचं मत झालं. स्टॅनलीनं दक्षिणेकडून साठ विकत आणल्या आणि सोडल्या. दुसऱ्या दिवशी त्या हमरस्त्यावर, दफनभूमीत आणि माझ्या कोबीत होत्या. दोन अजून सापडलेल्या नाहीत.

तेव्हा नवी अधिकारी आली. रोवीना नावाची तरुण मुलगी. ती माझ्या स्वयंपाकघरात बसली, समोर एडगर.

"मिस्टर नॅट्रस, ब्लॅक हॅगवर काय चरतं?"

सात वर्षांत हा प्रश्न असा सरळ कुणी केलाच नव्हता. खरं सांगितलं तर अकरा घरांना मिळालेलं परत मागितलं जाऊ शकत होतं. लपवलं तर तिला आणि तिच्यामागे वर गेलेल्या तिच्या मुलींना पुन्हा खाली आणावं लागणार, आणि वहिवाट गेली. एडगरनं माझ्याकडे पाहिलं. मी किटलीकडे पाहिलं.

"मेंढी, पोरी," तो म्हणाला. "माझी."

"किती वर्षं?"

"सगळी."

तिनं लिहून घेतलं आणि वही मिटली. "मला वाटलं, तुम्ही हरीण म्हणाल."

त्यानंतरचे तीन आठवडे स्टॅनली चॅपलमध्ये एडगरच्या बाकावर बसला नाही. रस्त्यात भेटला तर म्हणायचा, "तुझ्या तोंडाला कुलूप नव्हतं का रे?" आणि एडगर म्हणायचा, "किल्ली पाइपांच्या खोलीला लावली होती."

आज बारावं पत्र. मी हात पुसून वाचलं. परत मागणी नव्हती. संबंधित प्राणी व त्याची संतती हा "या क्षेत्राशी परिचित असलेला एकमेव कळप" असल्यानं त्यांना वर ठेवावं, त्यांच्या संगतीनं नव्या मेंढ्या जागा शिकतील, असं होतं. सोबत अर्ज. "क्षेत्रातील अनुभव" या रकान्यात एडगरनं आधीच लिहून टाकलं होतं: सात वर्षे, परवानगीशिवाय.

"हे खोडून टाक," मी म्हटलं.

"का? खरं आहे."

"अरे, पण ती अकरा वर्षांची झाली. तोंडात दात किती?"

"चार." त्यानं अर्जाची घडी घातली. "हा हिवाळा काढेल, पुढचा नाही. पण तिनं स्वतः वर नेलेल्या चार मुली आहेत तिच्या. त्यांना जागा माहीत आहे. त्यांना कोकरं झाली तर राहील सगळं. नाही झाली तर कचेरीच्या कागदावर राहील."

कोकरं व्हायची तर मेंढ्यांना नोव्हेंबरात एडका लागतो. एडगरचा एडका सही झाली त्या आठवड्यातच गेला होता. त्या एडक्याचा नातू दरीत एकाच गोठ्यात आहे.

"स्टॅनली देईल?" मी विचारलं.

"शिव्या देईल आधी."

त्यानं दुसरी सुरी काढून घेतली आणि बादलीतले राहिलेले बटाटे सोलायला बसला. साली जाड काढतो, पण आज चालेल. उद्या सकाळी आठ वाजता त्याला स्टॅनली कोल्टर्डकडे एडका मागायला जायचंय.