आण्याच्या पठारावर, शून्य तपासायला

आण्याला बघण्यासारखं काय आहे, असं विचारणाऱ्यांनी तिथली आमटी-भाकरी खाल्लेली नसते. मी मात्र आमटीसाठी गेलो नव्हतो. हवेतली धूळ मोजणारी यंत्रं तपासणं हा माझा पोटापाण्याचा धंदा, आणि पठारावरच्या यंत्राची तपासणी पहिल्यांदाच माझ्या वाट्याला आली.

जायचं असेल तर पुण्याहून पहाटेच निघा, मंचरच्या पुढे ट्रॅक्टर-ट्रॉल्या रस्ता अडवतात. नारायणगावात मिसळ खा. आळेफाट्याला उजवीकडे वळून बेल्ह्यावरून आणे घाट चढलात की झाडं कमी होतात आणि आभाळ एकदम मोठं होतं. हा रस्ता मला फार आवडायचा. या वेळी पुढे-मागे खडीचे डंपर होते आणि कडेच्या बाभळी पिठाच्या गिरणीत उभ्या केल्यासारख्या पांढऱ्या पडल्या होत्या.

यंत्र हौसाबाईंच्या स्लॅबवर आहे. समोर खडी क्रशर. त्यांचे यजमान मारुतीभाऊ खोकून खोकून अर्धे झालेत. यंत्र खरं बोललं तर क्रशरची परवानगी वाढणार नाही, या आशेवर बाईंनी जागा दिली होती. सुनावणी नुकतीच झाली. आकडे बघून प्रदूषण मंडळाचे साहेब म्हणाले, हवा उत्तम आहे. परवानगी वाढली.

"मशीन बिघडलंय का बघा राव," मारुतीभाऊ म्हणाले. "न्हाईतर मी तरी."

यंत्राला फिल्टर लावून अगदी स्वच्छ हवा द्यायची, मग आकडा शून्य यायला हवा. आला. फिल्टर काढला आणि आकडा असा चढला, की तेवढा या यंत्राने कधीच नोंदवला नव्हता.

"आता कसं बोलाया लागलं!" हौसाबाई खूश झाल्या. "धुळीनं खराब व्हईल म्हनून मी त्याच्या तोंडाला फडकं बांधती. तुमी येणार म्हनून आत्ता सोडलं."

"पहिल्यापासून?"

"मग! दुसऱ्याची वस्तू, जपाया नको?"

यंत्र बसवणारा सांगून गेला होता, "नीट सांभाळा." कसं, ते सांगायची त्याला गरज वाटली नव्हती. मला त्याचा भयंकर राग आला. धूळ फडक्यातच अडली, आकड्यांत आलीच नाही, हे मी बाईंना समजावलं.

"म्हंजी परवानगी माज्यामुळं मिळाली?"

"गप गं," मारुतीभाऊ म्हणाले. "तुला काय म्हाईत व्हतं."

फडकं करड्या धुळीने ताठ झालं होतं. "हे मला द्या," मी म्हणालो, "साहेबांना दाखवायचंय." मी सामान आवरेपर्यंत बाईंनी ते पिशवीत घालून आणलं, सोबत मासवडीचा डबा. मासवडी झणझणीत होती.

वाटेतूनच साहेबांना फोन केला, मागचे सगळे आकडे बाद धरा म्हणून. ते म्हणाले, "शून्य बरोबर आलं ना? मग यंत्र चोख आहे. पुरावा असेल तर आणा."

घरी येऊन पिशवी उघडली. साहेबांसमोर जायचं म्हटल्यावर बाई मळकं फडकं कसं देतील? धुवू नका, एवढं सांगायचं मलाही सुचलं नव्हतं.

पुरावा माझ्या गॅलरीत दोरीवर वाळतोय. पांढराशुभ्र निघालाय.