काट्यावरची पहिली चापट

माझा हात लवकर उठतो. आमच्या घरात सगळ्यांचाच उठतो, पण मी शिकलेला, कॉम्प्युटरवर बसणारा, म्हणून लोक माझ्याकडून शहाणपणाची अपेक्षा करतात. करोत बापडे. मी माऊस भिंतीवर फेकून फोडलेत, एक कीबोर्ड गुडघ्यावर आपटून मोडलाय. माणसावर मात्र हात उचलला तो एकदाच, आणि त्याची लाज अजून जात नाही.

संग्रामपूरकडे एका व्यापाऱ्याच्या सोयाबीन खरेदीवर मी सॉफ्टवेअर सांभाळायचो. गेटजवळ वजनकाटा होता. भरलेला ट्रॅक्टर काट्यावर चढायचा, माल उतरवून रिकामा पुन्हा चढायचा, आणि दोन वजनांची वजाबाकी म्हणजे माल. काट्याच्या खोलीत मापारी काका बसायचे. माझ्या वडिलांच्या वयाचे. सगळा जन्म मापात गेलेला, पण त्यांनी कोणाचं किलोभर खाल्लं असं कोणी म्हटलेलं मी ऐकलं नाही. मला ते बाप्पू म्हणत आणि डब्यातली अर्धी भाकर माझ्यापुढे सरकवत.

आधी काका काट्याच्या, वजन दाखवणाऱ्या डब्यावरचा आकडा बघून स्क्रीनवर टाकायचे. त्या आठवड्यात मी ते थेट जोडलं. आकडा वायरीतून ऑफिसातल्या सर्व्हरवर येणार, सी भाषेतली एक छोटी लायब्ररी, म्हणजे प्रोग्रामचा तयार तुकडा, तो वाचणार, माझं वेब ॲप तो दाखवणार. आणि एक ओळ मीच आळसाने लिहून ठेवली होती: आकडा वाचता आला नाही तर त्या गाडीचं मागचंच वजन दाखव. तेव्हा मला ती मोठी हुशारी वाटली होती.

त्या दुपारी पावतीवरची अक्षरं मोठी करायला मी ॲपची नवी फाइल टाकली. सर्व्हर बंद न करता, चालू कामात. आम्ही नेहमी तसंच करायचो. बंद केला की गेटवर रांग लागते आणि मालक कावतो.

तेवढ्यात वडनेर भोलजीचा एक शेतकरी माल उतरवून रिकामा ट्रॅक्टर घेऊन काट्यावर चढला आणि पावती घेऊन खाली उतरला. पावतीवर भरलेल्याचं आणि रिकाम्याचं वजन एकच. माल शून्य.

"काऊन बे, माह्या पोत्यात काय हवा भरेल होती?" म्हणत त्याने काकांची कॉलर धरली. मी धावत पोचलो. काका मला म्हणाले, "बाप्पू, डब्यावर आकडा बरोबर होता. तुह्या स्क्रीनवरच चुकून राह्यला."

चार लोकांसमोर माझ्या स्क्रीनला चूक म्हणतो म्हणजे काय? डोकं सटकलं. "वायरीले हात तुम्ही लावता अन् माह्यावर ढकलता?" म्हणत मी त्यांच्या कानफटात मारली.

मग लोकांना कशाची वाट पाहायची होती? घरच्याच माणसाने मारलं म्हणजे चोर पक्का. सात-आठ जणांनी काकांना खोलीतून फरफटत बाहेर आणलं. लाथा, बुक्क्या, आणि कोणीतरी ट्रॉलीची लोखंडी पिन घेतली. काकांनी डोकं वाचवायला उजवा हात वर केला, पिन मनगटावर बसली. हाड मोडल्याचा आवाज मला दारातून ऐकू आला. त्यांच्या कानातून रक्त येत होतं. आणि मी, पहिलवान, ऑफिसात पळालो.

सर्व्हरच्या नोंदीत तीच ओळ पुन्हा पुन्हा आली होती: ही लायब्ररी आधीच दुसरीकडे लोड झालेली आहे. सरळ होतं. जुनं ॲप मेमरीतून पुरतं गेलंच नव्हतं. त्याने लायब्ररी धरून ठेवलेली, नव्याला मिळाली नाही, आकडा वाचता आला नाही, आणि माझ्या हुशारीने मागचंच वजन छापलं. सर्व्हर बंद करून चालू केला. दोन मिनिटं लागली. आकडा बरोबर आला.

बाहेर काका मातीत बसलेले आणि मालक त्यांना सांगत होता, "उद्यापासून येऊ नका." मी म्हटलं, चूक माझी आहे, काकांनी कशालाच हात लावला नाही. वडनेरवाल्याने माझ्या तोंडावर ठोसा मारला. समोरचा एक दात तुटला. बरं झालं.

प्लास्टर निघाल्यावर मालकाने काकांना परत बोलावलं. मी काट्यावर गेलो, सगळं समजावलं. लायब्ररी आता सर्व्हरच्या सामाईक फोल्डरमध्ये ठेवलीय, ॲप बदललं तरी ती एकदाच लोड होते. ती मागच्या वजनाची ओळ काढून टाकलीय. आकडा आला नाही तर पावतीच निघत नाही.

काकांनी सगळं ऐकून घेतलं. डाव्या हाताने डबा उघडला, भाकर मोडली आणि खायला लागले.

"साहेब," ते म्हणाले, "लायब्ररीचं मले काही समजत नाही. लोकायनं मारलं त्याचं बी काही नाही, त्यायले माहीत नव्हतं. तुमाले तं मी सांगतलं होतं."