मोशीच्या नाक्यावरचे हवालदार

दारूबंदी नवीन होती तेव्हा मोशीच्या उताराखाली पोलिसांचा नाका असायचा आणि नाक्यासमोर माझं चहाचं हॉटेल. तिथले एक हवालदार रोज यायचे. आत आले की आधी बंदूक कोपऱ्यात ठेवायचे, नळी भिंतीकडे करून, आणि मगच टोपी काढायचे. बोलणं जेवढ्यास तेवढं. "व्हय" आणि "न्हाई" यांवर त्यांचा दिवस निघायचा.

एका दुपारी चाकणकडून आलेली लॉरी त्यांनी हात करूनही थांबेना. खांद्याला लावलेली बंदूक त्यांनी खाली घेतली, धावत जाऊन रस्त्यावरचा आडवा बांबू उचलला आणि लॉरी जाऊ दिली. पुढे ती शेतात घुसून थांबली. ब्रेक गेले होते, आत नुसते कांदे.

तरी संध्याकाळी हॉटेलात वाद पेटलाच. न थांबणाऱ्या लॉरीवर गोळी घालायलाच हवी, असं निम्मी गिऱ्हाइकं म्हणत होती. खरं सांगतो, मीही त्यांच्यातलाच.

हवालदारांनी बशीतला चहा संपवला. "लांबूनच हॉर्न दाबून धरला व्हता त्यानं. पळणारा कशाला वाजवंल?"

"आणि तुमचा अंदाज चुकला असता तर?" मी विचारलं.

"तर दारू पुढं गेली आसती," ते म्हणाले आणि टोपी घालून नाक्यावर गेले.

आता पोलिसांच्या गोळीबारावर कुठंही वाद निघाला की मी हे वाक्य सांगतो. आणि ते माझ्या हॉटेलात बोललं गेलं, हेही सांगतो.